नसलेले गाव उभे करणारे कारागीर

धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा तालुक्यात माकणी हे गाव आहे. तेरणा नदीवरील निम्न तेरणा धरणामुळे त्याचे नाव दूरवर माहीत झाले. लहान कारागिरांची विचारपूस करावी म्हणून आम्ही तिकडे गेलो, तेव्हा आमची भेट एका पेंटरशी झाली. गावात सगळे त्यांना पेंटरमामू म्हणतात. आमचे नाव छापू नका, अशी त्यांनी अट घातली. ती आम्ही पाळत आहोत.

मामूंचा मूळ धंदा पाट्या रंगवण्याचा. दुकानांचे बोर्ड, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावे, भिंतींवर खताच्या नि सिमेंटच्या जाहिराती, यांवर त्यांचे घर चालले. फ्लेक्स आला आणि हे सगळे काम चार-पाच वर्षांत हातातून गेले. "सकाळी मोबाइलमधला फोटो द्यायचा, संध्याकाळी बोर्ड घेऊन जायचा. माझ्याकडे नुसता रंग वाळायलाच एक दिवस जातो, गिऱ्हाईक कशाला थांबेल?" असे ते म्हणाले. बोलण्यात कटुता नव्हती. हिशेब होता.

मग एक वेगळे काम आले. जवळच्या एका गावातील शाळेचे स्नेहसंमेलन होते. मुले भूकंपावर एक नाटक बसवत होती. वाचकांना आठवतच असेल, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूरच्या या पट्ट्यात धरणी हलली. मातीत रचलेल्या काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि त्यांवरची मातीची माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसे गेली. पुढे लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत मिळून 52 गावे नव्या जागी वसवली गेली. शाळेतल्या मुलांनी जुने गाव पाहिलेलेच नाही. त्यांच्या आईबापांपैकीही अनेकांना ते धूसर आठवते. शिक्षकांनी मामूंना सांगितले, नाटकाच्या मागे जुने गाव हवे, भूकंपाच्या आदल्या संध्याकाळचे.

फोटो कुठून आणायचा? लग्नाचे दोन-चार फोटो मिळाले, पण त्यात माणसे आहेत, गाव नाही. मामूंनी मग म्हातारी माणसे गाठली. वही घेऊन आठ दिवस फिरले. वेस कुठे होती, चावडीपुढे किती पायऱ्या होत्या, मशिदीचा कट्टा रस्त्याच्या कोणत्या अंगाला होता, लिंबाचे झाड विहिरीच्या अलीकडे की पलीकडे. लिंबाच्या झाडावरून दोघा म्हाताऱ्यांत भांडणच लागले. शेवटी तिसऱ्याने सांगितले की झाडे दोन होती. या वहीवरून त्यांनी पुठ्ठ्यावर एक लहान रंगीत चित्र काढले आणि त्यावरून वीस फूट रुंद पडदा रंगवला. पडद्याचे पैसे शाळेने चोख दिले. त्याबद्दल मामूंची तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. संमेलन पाहायला आलेल्या एका दुसऱ्या संस्थेच्या माणसांनी ते पुठ्ठ्यावरचे चित्र "जरा बघू" म्हणून मागून नेले. पुढच्याच महिन्यात तेच गाव, तीच दोन लिंबे, त्यांच्या कार्यक्रमात फ्लेक्सवर छापून उभी होती. मामूंना ना बोलावणे, ना एक रुपया. विचारायला गेले तर उत्तर मिळाले की चित्रच तर होते, आम्ही काही पडदा नेला नाही.

आमच्या मते या एका उत्तरात साऱ्या धंद्याचे दुखणे आहे. आपले कारागीर कापडाचे पैसे लावतात, रंगाचे लावतात, हजेरी लावतात. आठ दिवस फिरून, विचारून, जोडून जे गाव डोक्यात उभे केले त्याचे मोल बिलात कुठेच नसते. खरा माल तर तोच आहे.

हा हुनर कोल्हापुरात कसा वाढला

जी जागा नाही ती पाहणाऱ्यापुढे उभी करायची, म्हणजे गोष्ट तिथे घडते आहे असे त्याला वाटेल, हा धंदा महाराष्ट्रात नवा नाही. संगीत नाटकांच्या काळात रंगवलेले पडदे हे नाटक कंपनीचे भांडवल असे. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ असे पडदे गुंडाळून कंपनी गावोगाव हिंडे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे भाऊ या कामात नावाजले, इतके की 'पेंटर' हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. केशवराव भोसले यांची ललितकलादर्श ही त्यांच्या पडद्यांसाठी ओळखली जाणारी कंपनी होती. (याच केशवरावांच्या नावाचे कोल्हापूरचे नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 रोजी आगीत जळाले, ही बातमी वाचकांनी वाचली असेलच.)

आनंदराव 1916 साली वारले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 साली 'सैरंध्री' हा मूकपट पडद्यावर आणला. लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली ती या चित्रपटानंतर. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ज्या माणसाने पडदे रंगवून नाव कमावले, त्यानेच सिनेमात रंगवलेला पडदा बाजूला सारून लाकूड, कापड, माती यांची उभी घरे रचायला सुरुवात केली. कॅमेऱ्यापुढे सपाट पडद्याचे सोंग लवकर उघडे पडते, हे पडदेवाल्याशिवाय आणखी कोणाला आधी कळणार? चित्रीकरणाआधी वेष, पात्रे, प्रसंग यांची रेखाटने ते स्वतः काढत. चित्रपटांची भित्तिपत्रकेही स्वतः रंगवत.

या दोघा भावांच्या हाताखाली कागलचा एक मुसलमान तरुण तयार झाला. त्याचे नाव शेख फत्तेलाल. सिनेमाच्या दुनियेत पुढे त्यांना साहेबमामा म्हणत. 1929 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली, तेव्हा व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, केशवराव धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्या बरोबरीने फत्तेलाल हे भागीदार होते. हा शब्द वाचकांनी नीट लक्षात घ्यावा. ते पगारी पेंटर नव्हते. नसलेली जागा उभी करण्याचे ज्ञान हे त्या कंपनीत पैशाइतकेच भांडवल मानले गेले, आणि ते ज्याच्याजवळ होते तो मालकांपैकी एक झाला.

1933 साली प्रभात पुण्याला आली. पुढच्या वर्षीच्या 'अमृतमंथन'मध्ये चंडिकेचे भव्य मंदिर दिसते. त्यातले खांब, पायऱ्या, अंधारे कोपरे हे फत्तेलाल यांच्या कला-दिग्दर्शनाचे काम. 1936 साली 'संत तुकाराम' आला. त्याचे दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल या दोघांचे. त्यातले देहू आठवून पाहा. दाराशी बांधलेली म्हैस, सारवलेली ओसरी, जिजाईची चूल. देवळाइतकेच लक्ष चुलीकडे दिलेले आहे. म्हणून तर शेवटी विमान आकाशात जाते तेव्हा पाहणाऱ्याला ते खोटे वाटत नाही. ज्याची चूल खरी, त्याचे विमानही लोक खरे मानतात. 1937 साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाची निवड जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत झाली. एका कागलकर मुसलमान कारागिराने वारकऱ्यांचे देहू इतके आपलेपणाने रचले, याची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. आम्हाला ती काढावीशी वाटली.

पडदा रंगवताना काय पाहावे लागते

मामूंकडून आम्ही कामाची रीत समजून घेतली. आमच्या पेंटर बांधवांना यातले बरेच ठाऊक असेल. तरी नव्या पोरांसाठी लिहितो.

आधी लहान चित्र. मामू एक इंचाला एक फूट असे माप धरतात. वीस फूट रुंद पडद्याला वीस इंचांचा पुठ्ठा. त्यावर इंचाइंचाचे चौकोन आखायचे. मग मांजरपाट कापड चौकटीवर ताणून बांधायचे. ताणण्याआधी रंग लावला तर कापड ओले होऊन आटते आणि चित्र वाकडे होते. त्यावर सरस आणि खडूच्या पुडीचा पातळ हात. सरस कमी पडला तर रंग हाताला लागतो, जास्त झाला तर पडदा गुंडाळताना तडकतो. नेमके प्रमाण विचारले तर मामू दोन बोटांत चिकटपणा पाहून दाखवतात, ते लिहून सांगता येणार नाही. पुढे नीळ लावलेल्या दोरीने फुटाफुटाचे चौकोन मारायचे आणि लहान चित्रातले जे ज्या चौकोनात असेल ते मोठ्यात उतरवायचे. पुडीचा रंग ओला असताना गडद दिसतो आणि वाळल्यावर फिका पडतो, म्हणून आधी चिंधीवर वाळवून पाहायचा.

एवढे कोणीही सरावाने शिकेल. अवघड भाग वेगळा आहे. नाटकात पडद्यापुढे जिवंत माणूस उभा राहणार असतो. पडद्याच्या खालच्या भागात तुम्ही तीन फूट उंचीचे घर काढले आणि त्याच्यापुढे पाच फुटांचा मुलगा येऊन उभा राहिला, की घर खेळण्यासारखे दिसते आणि प्रेक्षक हसतात. म्हणून मामूंनी पडद्यावर घरे लांबवर ठेवली. मध्ये मोकळे मैदान घेतले. मुलांना ज्या दारातून ये-जा करायची होती ते दार पडद्यावर न रंगवता सुताराकडून खऱ्या मापाचे करून बाजूच्या विंगेत उभे केले. त्याला जुन्या वाड्याची कडी-कोयंडा लावली, ती मात्र खरी होती. कोणाच्या तरी जुन्या घराच्या ढिगाऱ्यातून निघालेली.

दुसरे म्हणजे लांबच्या गोष्टी फिक्या आणि निळसर, जवळच्या गडद आणि उबदार. शेतात उभे राहून कोणीही पाहावे, लांबचा डोंगर कधी हिरवा दिसत नाही. तिसरे, उजेड. पडद्यावरची सावली आणि मंचावरच्या दिव्याची सावली एकाच दिशेला पडली पाहिजे. चित्रातला सूर्य डावीकडे आणि हॅलोजन उजवीकडे, असे झाले की काय चुकले ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही, पण त्याचा विश्वास उडतो.

इथेच हाताने रंगवलेल्या कापडाची बाजू वरचढ ठरते. फ्लेक्स चकाकतो. त्यावर दिवा पडला की मधोमध पांढरा डाग दिसतो, आणि हल्ली प्रत्येक कार्यक्रमाचे व्हिडिओ चित्रण होत असल्याने तो डाग कायमचा राहतो. कापड उजेड पिऊन घेते. गिऱ्हाइकाला हे तोंडाने सांगू नये. एक हात कापड आणि एक हात फ्लेक्स शेजारी धरून मोबाइलची बॅटरी मारून दाखवावी.

चकाकीचे हे दुखणे मोठमोठ्यांनाही भोवले आहे. 5 ऑगस्ट 1960 रोजी प्रदर्शित झालेल्या 'मुघल-ए-आझम'मधला शीशमहल कोणी पाहिला नाही? अंधेरीच्या मोहन स्टुडिओत तो उभारायला सुमारे दोन वर्षे लागली. कला-दिग्दर्शक होते एम. के. सय्यद. लांबी दीडशे फूट, रुंदी ऐंशी फूट, उंची पस्तीस फूट, भिंतींवर बेल्जियमची काच. काचकाम जाणणारे कारागीर फिरोजाबादहून आणलेले. महाल उभा राहिला आणि दिवे लावताच प्रत्येक काचेतून उजेड थेट कॅमेऱ्यात येऊ लागला. हे चित्रित होणारच नाही, असे जाणकारांनीही सांगितले. छायालेखक आर. डी. माथुर यांनी उजेड थेट न टाकता परतवून आणि जागोजाग कापड लावून मार्ग काढला. लाखो रुपयांची काच, आणि तिला वाचवले कापडाने.

याच चित्रपटाची दुसरी एक गोष्ट आमच्या पानाला साजेशी आहे. दिल्लीच्या शिंप्यांनी कपडे शिवले, सुरत-खंबायतकडील कारागिरांनी भरतकाम केले, हैदराबादच्या सोनारांनी दागिने घडवले, राजस्थानच्या लोहारांनी हत्यारे बनवली, आग्र्याहून जोडे आले आणि मुकुट आमच्या कोल्हापूरच्या कारागिरांनी केले. एका काल्पनिक दरबारासाठी इतक्या बाजारांत खरा पैसा फिरला. चित्रातली जागा खोटी असते. मजुरी मात्र खरीच द्यावी लागते.

अलीकडचे उदाहरण द्यायचे तर 2001 सालच्या 'लगान'चे देता येईल. नितीन चंद्रकांत देसाई यांनी कच्छमध्ये भुजजवळ चंपानेर नावाचे सबंध गाव उभे केले. स्थानिक लोकांच्या हातांनी, तिथल्याच मातीने. चित्रीकरण संपले, आणि 26 जानेवारी 2001 रोजी त्याच कच्छमध्ये भूकंप झाला. मामूंना हे आम्ही सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे सिनेमातलं गाव तेवढं राहिलं."

चेहरे न काढणाऱ्यांसाठी

आमच्या अनेक बांधवांना माणसांचे किंवा प्राण्यांचे चित्र काढणे पटत नाही. त्यामुळे चित्रकला हा आपला धंदाच नव्हे, असे ते ठरवून टाकतात. जागेच्या कामात ही अडचण सहसा येत नाही. भिंत, कमान, जाळी, झाड, आकाश, पाणी, रस्ता एवढ्यावर हे काम उभे आहे. माणूस तर पुढे जिवंत येणारच असतो. उलट पडद्यावर माणसे रंगवू नयेत, असे मामू धंद्याच्याच कारणाने सांगतात. रंगवलेला माणूस हलत नाही, आणि मग पुढचा हलणारा नट खोटा वाटू लागतो.

ज्यांना चेहरे काढण्यात अडचण वाटत नाही त्यांचा मार्ग आणखी रुंद आहे. पंढरपूरला 1915 साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे मोठमोठे बोर्ड रंगवत आणि मुलांची खेळणी नि फर्निचर तयार करत. पुढचे सर्वांना माहीत आहे.

पैशाची बाजू

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. मामूंचे चित्र गेले, त्याबद्दल कायदा काय म्हणतो ते आम्ही पाहिले. कॉपीराइट कायदा 1957 चा आहे. चित्र काढले की त्यावरचा हक्क आपोआप निर्माण होतो, त्यासाठी कुठे नोंदणी करावीच लागते असे नाही. हा हक्क चित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. पण त्यात एक खाच आहे, आणि ती आपल्या पेंटरांना बहुधा ठाऊक नसते. पैसे घेऊन, दुसऱ्याने सांगितले म्हणून जे रंगचित्र काढले, त्याचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो, उलट करार नसेल तर. शेवटचे चार शब्द पुन्हा वाचावेत. लेखी करार असला तर हक्क पेंटरकडे राहू शकतो.

करार म्हणजे वकील आणि स्टॅम्प असे समजून घाबरू नये. काम ठरताना साध्या कागदावर लिहावे की मूळ आराखडा व त्याचा हक्क पेंटरचा आहे, गिऱ्हाइकाला या आराखड्यावरून एकच पडदा वापरण्याची परवानगी आहे, दुसरी प्रत किंवा छपाई हवी असल्यास वेगळे पैसे पडतील. खाली दोघांच्या सह्या आणि तारीख. लहान चित्राच्या मागेही नाव नि तारीख टाकावी, आणि ते कोणाच्या हाती देण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. मोठ्या कामात तंटा होण्यासारखा असेल तर वकिलाला दाखवावे, हे वेगळे सांगायला नको.

बिलात दोन ओळी कराव्यात, एक आराखड्याची आणि एक पडद्याची. आराखड्याचे पैसे आधी घ्यावेत. गिऱ्हाईक नाराज होईल, असे मामूंना वाटते. होईलही. इमारतीचा नकाशा काढणारा इंजिनिअर भिंत उभी राहायची वाट पाहत बसत नाही, आणि त्याच्यावर कोणी नाराज होत नाही. पहिल्या दोन-तीन गिऱ्हाइकांकडून ऐकून घ्यावे लागेल. आम्ही दर छापत नाही, कारण माकणीचा दर सोलापुरात चालणार नाही आणि सोलापूरचा माकणीत परवडणार नाही.

सरकारी मदतीबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 धंदे घेतले आहेत. सुतार आहे, लोहार आहे, गवंडी आहे, शिंपी आहे, मूर्तिकार आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे. पेंटर नाही. अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंत मदत आणि दोन टप्प्यांत मिळून तीन लाखांपर्यंत पाच टक्के व्याजाचे कर्ज या योजनेत आहे. त्यावर पेंटरने पेंटर म्हणून अर्ज केला तर यादीत त्याचा रकानाच सापडणार नाही. फ्लेक्समुळे ज्याचे सर्वाधिक नुकसान झाले तोच यादीबाहेर राहिला, हे आम्हाला बरोबर वाटत नाही. मात्र पडद्याच्या कामाला सुतार आणि शिंपी लागतातच, आणि ते यादीत आहेत. मामूंच्या कामात दार करणारा सुतार शेजारच्याच गल्लीतला होता. असे तिघे-चौघे एकत्र येऊन काम घेऊ लागले तर ज्याला जी मदत मिळते ती त्याने घ्यावी. व्याजाच्या कर्जाबद्दल ज्यांना संकोच आहे त्यांनी प्रशिक्षण आणि अवजारे एवढ्याची चौकशी करावी.

काम कुठे आहे? लग्नाच्या मंडपात आहे, पण तिथे थर्माकोल, कृत्रिम फुले आणि भाड्याच्या कमानी घेऊन बसलेले व्यापारी आधीच आहेत, त्यांच्याशी भावात स्पर्धा करू नये. शाळांची संमेलने, गावोगावच्या जत्रांतली नाटके, लहान मुलांच्या वाढदिवसाचे फोटो, गावाचा इतिहास दाखवणारी प्रदर्शने, तसेच मोबाइलवर लघुपट काढणारी पोरे, ही गिऱ्हाइके फ्लेक्सच्या दुकानात मिळणारा ताजमहाल आणि स्वित्झर्लंड मागत नाहीत. त्यांना स्वतःची जागा हवी असते. ती कुठल्याही दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये तयार नसते. हल्ली शब्द सांगितले की चित्र काढून देणारी यंत्रेही आली आहेत. आम्ही गंमत म्हणून एकावर मराठवाड्यातले जुने खेडे मागून पाहिले. उतरती कौले आणि नारळाची झाडे आली. माळवद त्याला माहीत नव्हते. उद्या माहीत होईल, हेही खरे. पण दोन लिंबांचा वाद सोडवायला त्याला म्हाताऱ्यांच्या ओसरीवर जावे लागेल.

नव्या पोरांनी सुरुवात कुठे करावी? शाळेत असतानाच शासकीय रेखाकला परीक्षा, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, द्यावी. मुंबईचे सर ज. जी. कला विद्यालय 1857 पासून आहे. पदवीनंतर पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कला-दिग्दर्शनाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. ही संस्था 1960 साली सुरू झाली ती प्रभातच्याच जागेत. फत्तेलाल यांनी जिथे चंडिकेचे मंदिर उभे केले, तिथे आज तेच काम वर्गात शिकवतात. आपल्या किती मुलांनी त्याची माहिती मागवली आहे, कोण जाणे.

आम्ही निघालो तेव्हा मामूंकडे आणखी एका गावचे दोघे आले होते. त्यांनाही जुने गाव हवे होते, तेही पंधरा दिवसांत. मामूंनी त्यांना आधी विचारले की ऐंशीच्या पुढची किती माणसे हयात आहेत. मग वही काढली, आणि जरा अडखळत, आमच्याकडे न पाहता, आराखड्याचे वेगळे पैसे पडतील असे सांगितले. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. विचारून सांगतो म्हणाले.

ते पुन्हा आले की नाही, हे आमची गाडी सुटेपर्यंत कळले नव्हते.